सहाच्या आधीची रेघ

"किती आठवडे लिहिलेत?" शरयूने आतल्या खोलीतून विचारलं.

मी टेबलाचा खण उघडून कागद बाहेर काढला होता. पुण्याच्या हॉस्पिटलचा, चार घड्या पडलेला. त्यावर डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहिलं होतं : वॉकर, 6 आठवडे, त्यानंतर फिजिओथेरपी. त्या दिवशी बरोबर सहा आठवडे पूर्ण होत होते. माझ्या हातात पेन होतं, कारण मी शब्दकोडं सोडवत बसलो होतो.

"अहो, किती?"

"सोळा," मी म्हणालो.

"सोळा?"

"सोळा."

पलंग करकरला. मग वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. पलंगापासून टेबलापर्यंत यायला तिला साधारण एक मिनिट लागायचं. तेवढ्या वेळात मी सहाच्या आधी एक उभी रेघ मारली.

ती आली. चष्मा लावून तिने कागद पाहिला.

"मला सहा ऐकल्यासारखं वाटत होतं."

"तू गुंगीत होतीस."

"ते आहेच," ती म्हणाली. "फ्रिजवर लावून ठेवा हा. सारखं खणात कुठे बघायचं."

मी कागद फ्रिजवर लावला आणि पुन्हा शब्दकोडं घेऊन बसलो. उभे शब्द झाले होते, आडवे राहिले होते.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी पद्माकर तोडकर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, सातारा जिल्हा. बत्तीस वर्षं मी लोकांचे काटे आणि वजनं तपासली. पारड्याच्या खाली लावलेली लोहचुंबकं काढली, पोकळ केलेली वजनं जप्त केली, आणि पंचनाम्यावर सह्या घेतल्या. एवढ्या वर्षांत मी स्वतः एकाही आकड्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. रेघ सरळ आली.

शरयू तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती, मी एकाहत्तर. ती टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. मी जिल्हाभर फिरतीवर असायचो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आमची मुलगी ऋजुता वाढली ती तिच्या हाताखाली आणि शेजाऱ्यांच्या घरी. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा ऋजुताचं लग्न होऊन ती नागपूरला गेली होती आणि शरयूचा दिवस पूर्ण भरलेला होता. पहाटे साडेपाचला ती अजिंक्यतारा चढायला जायची. सोबत पाच-सहा बायका, त्यांच्या म्होरक्या मानकुमरेबाई. आठला परत. मग आंघोळ, स्वयंपाक, आणि पुन्हा बाहेर. अंध मुलांच्या शाळेत वाचून दाखवणं, वाचनालयाची समिती, संध्याकाळी पेटीचा क्लास. तेरा वर्षं मी घरी होतो आणि ती नव्हती. भांडण असं काही नव्हतं. टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि वर चिठ्ठी असायची. 'आमटी गरम करून घ्या.' 'दही आतल्या बाजूला आहे.' त्या चिठ्ठ्या मी टाकत नसे. शब्दकोड्याची कच्ची अक्षरं लिहायला त्यांची पाठ उपयोगी पडायची.

मग तिच्या उजव्या कमरेच्या बाजूला दुखायला लागलं. त्या कुशीवर झोपता येईना. पुढे जिना चढताना दुखायला लागलं, मग सपाटीवरही. दोन वर्षं सगळ्यांनी त्याला सायटिका म्हणून घेतलं. तेल झालं, शेक झाला, इंजेक्शनं झाली. ती लंगडत गड चढत राहिली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला आणि टेबलावर बोट ठेवून सांगितलं :

"कमरेच्या बाजूचा जो स्नायू आपल्याला एका पायावर तोलून धरतो, त्याचं टोक, म्हणजे टेंडन, हाडावरून सुटून आलंय. हाड ठणठणीत आहे. आम्ही ते टोक पुन्हा हाडाला शिवून टाकू."

"आणि गड?" शरयूने विचारलं.

"काकू, आधी शिवू तर द्या. गडाचं सहा महिन्यांनी बोलू."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नाही म्हणाले नाहीत."

ऑपरेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालं. ऋजुता पंधरा दिवस येऊन राहिली, टाके निघाल्यावर गेली. पुढे महिनाभर शरयू माझ्यावर सोपवलेली होती. पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, त्या कुशीवर वळायचं नाही. सहा आठवड्यांनी साताऱ्यातल्याच फिजिओथेरपिस्टला फोन करायचा होता. तिचं नाव-नंबर डॉक्टरांनी कागदाच्या मागे लिहून दिला होता. फ्रिजवर लावताना मी कागदाची ती बाजू आत ठेवली.

पुढचे सात आठवडे मी फार सुखात होतो, हे सांगितलं पाहिजे.

मी स्वयंपाक शिकलो. पहिल्या दिवशी भाताची पेज झाली, तिसऱ्या दिवशी भात झाला. सकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, अग्रलेखासकट. दुपारी आम्ही पत्ते घेऊन सात-आठ खेळायचो. आणि संध्याकाळी, दुसरं काही नसायचं म्हणून, मी तिला नोकरीतल्या गोष्टी सांगायचो. म्हसवडच्या बाजारात एकाने पाच किलोचं वजन तळातून कोरून त्यात लाख भरली होती आणि मला बघितल्यावर ते विहिरीत टाकलं होतं, ही गोष्ट मी तिला सांगितली.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय, विहिरीत माणूस उतरवला."

"सापडलं?"

"तीन सापडली. आधीच्याही लोकांनी टाकलेली होती."

ती एवढी हसली की मला वॉकर धरून ठेवावा लागला. 'मग?' असं तिने मला पूर्वी कधी विचारल्याचं आठवत नव्हतं. विचारलं असेल तर मी तेव्हा घरी नसेन.

ऋजुताचा फोन आला तेव्हा मी तिलाही सोळाच सांगितले. "डॉक्टर फारच सावध दिसतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "सावध असलेले बरे."

संशय घेतला तो एकट्या मानकुमरेबाईंनी. त्यांचं खालच्या आळीला किराणा दुकान होतं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या दुकानाचा काटा मी सील केला होता. त्यानंतर रस्त्यात भेटल्यावर त्या मला नमस्कार करायच्या, पण आधी मला करू द्यायच्या.

"सोळा आठवडे?" त्या म्हणाल्या. "माझ्या मावसबहिणीचा अख्खा खुबा बदलला. सहाव्या आठवड्याला बाई लग्नात पंक्तीत वाढत होती."

"ते हाड," मी म्हणालो. "हे टेंडन."

"टेंडनचं एवढं असतं?"

"एवढं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शरयूच्या पायाकडे. "साहेब म्हणतात म्हणजे असणार," त्या म्हणाल्या आणि चहा अर्धा ठेवून उठल्या.

दहाव्या आठवड्यात शरयू स्वयंपाकघरातून परत येताना मध्येच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. पाय ऐकत नाही."

"ऐकेल."

"हं."

त्यानंतर तिने अंगणात जाणं सोडलं. अंगणात उतरायला दोन पायऱ्या होत्या. मग एक दिवस तिने मला खुर्ची फिरवून ठेवायला सांगितली. ऊन डोळ्यांवर येतं म्हणाली. त्या खिडकीवर पत्रा आहे. तिथून गड दिसतो, ऊन येत नाही. मी खुर्ची फिरवली. आता तिचं तोंड भिंतीकडे झालं, आणि भिंतीपाशी माझी खुर्ची होती, म्हणजे माझ्याकडे झालं. मला त्यात गैर काही वाटलं नाही.

हळूहळू तिने 'मग?' म्हणणं बंद केलं. मी गोष्ट सांगायचो, ती ऐकायची, गोष्ट संपायची. पत्त्यांत ती हरायला लागली. पूर्वी हरली की डाव मोजून बघायची, आता पानं माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "वाटा."

तेराव्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, गडावरच्या सगळ्या बायका तिला भेटायला आल्या. मी आत चहा करत होतो. बाहेर त्यांचा गलका चालला होता. कोणी वाटेत साळिंदर बघितलं होतं, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी ट्रे घेऊन दारात आलो तेव्हा शरयू बोलत होती.

"मानकुमरेबाई, तुमच्या सुनेचा पाय केवढा आहे हो?"

"सहा नंबर. का?"

"माझे बूट सहाच आहेत. दिवाळीच्या आधीच घेतले होते, धड वापरलेही नाहीत. दारामागे आहेत बघा, जाताना घेऊन जा."

एकीने दारामागे वाकून पाहिलं.

"अगं, आणि तुला?" एकीने विचारलं.

"मला कशाला? माझं झालं ते," शरयू म्हणाली. "पंचवीस वर्षं चढले, पुष्कळ झालं. आता घरात यांच्याबरोबर छान चाललंय. पेपर वाचतो, पत्ते खेळतो." आणि ती माझ्याकडे बघून हसली. "हो ना?"

गेले सात आठवडे मला जे हवं होतं ते तिने चार बायकांसमोर बोलून दाखवलं होतं. मी ट्रे खाली ठेवला. साखर घालायची राहिली होती, पण कोणी तक्रार केली नाही.

जाताना मानकुमरेबाईंनी बूट काखेत घेतले. फाटकापाशी त्या म्हणाल्या, "साहेब, काटा बिघडला की माल हलका निघतो. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणजे?"

"तुम्हालाच ठाऊक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून मी बाहेर पडलो आणि फिजिओथेरपिस्टकडे गेलो. केतकी शिंगटे तिचं नाव. औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीला आरसा, कोपऱ्यात रबराचे रंगीत पट्टे टांगलेले. वय तिशीच्या आत. शरयूचा पाय ऐकत नाही आणि तिने बूटही देऊन टाकले, हे मी तिला सांगितलं. तिने ऑपरेशनची तारीख विचारली, बोटांवर मोजली आणि मान वर केली.

"काका, हा तेरावा आठवडा आहे. काकूंना सातव्याला आणायचं होतं. इतके दिवस कुठे होतात?"

मी फ्रिजवरून काढून आणलेला कागद तिच्यासमोर ठेवला.

"सोळा?" ती म्हणाली. तिने कागद उजेडाकडे धरला. "हा एक कोणी लिहिला?"

"मी."

"चुकून?"

"नाही."

तिने कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या वयाच्या मुलीने माझ्याकडे असं बघावं अशी वेळ माझ्यावर आधी आली नव्हती.

"का?"

"सांगता येत नाही."

"त्यांना त्रास व्हावा म्हणून?"

"नाही, नाही."

"पण झालाय ना," ती म्हणाली. "शिवलेलं टोक तुटलेलं नसेल, उलट चांगलं जुळून आलं असेल. पण वापरला नाही तर स्नायू सुकतो. या वयात झपाट्याने सुकतो. सहा आठवड्यांत जे झालं असतं त्याला आता बारा लागतील, कदाचित जास्त. आणि गड बिड मी आत्ता काहीच सांगत नाही."

"तुम्ही उद्यापासून याल का?"

"येईन. पण त्याआधी तुम्ही काकूंना सांगायचं."

"त्याची गरज आहे का? मी काय म्हणतो, व्यायाम सुरू झाल्यावर—"

"काका," तिने मला थांबवलं. "त्यांचा पाय उचलत नाहीये. का उचलत नाहीये हे त्यांना माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं, तरी पाय गेला, असं त्यांना वाटतंय. म्हणजे आपलं शरीरच संपलं असं वाटतंय. असं वाटणाऱ्या माणसाकडून मी व्यायाम करून घेऊ शकत नाही. तुम्ही सांगा, मग मला फोन करा."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. येताना मेथी घेतली.

शरयू मेथी निवडायला बसली. मी समोर बसलो. पाच-सात काड्या निवडून झाल्यावर मी सांगितलं. सहा आठवडे लिहिले होते, एक मी लिहिला, केतकी शिंगटे नावाच्या मुलीकडे जाऊन आलो, पाय ठीक होणार आहे. या क्रमाने सांगितलं.

ती निवडत राहिली. जुडी संपली. मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "कागद आणा."

मी खिशातून काढून दिला. तिने चष्मा लावला. आकड्यावरून बोट फिरवलं.

"दोन निळे वेगळे आहेत," ती म्हणाली. "रोज बघत होते मी हा कागद. मला वाटायचं, डॉक्टरांचं पेन मध्येच बदललं असेल."

मी मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.

"परवा न्हाणीत भिंतीला धरून हा पाय बाजूला उचलून बघितला. चार बोटंसुद्धा उचलेना. कागद सोळा म्हणतोय, अजून तीन आठवडे आहेत, आणि माझा पाय आत्ताच गेलाय. मला वाटलं, मी म्हातारी झाले." तिने चष्मा काढला. "मी मनाने तयारीसुद्धा केली, अहो. बूट देऊन टाकले."

"ते मी आणतो परत."

"तुम्ही काहीही आणू नका. फोन द्या इकडे."

तिने मानकुमरेबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्याकडची खालची खोली रिकामी आहे ना? मी राहायला येते. बरी होईपर्यंत."

"इथे मी आहे की," मी म्हणालो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

संध्याकाळी मानकुमरेबाई रिक्षा घेऊन आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, त्यामुळे त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. एका पिशवीत साड्या, एका पिशवीत औषधं. दोन पायऱ्या उतरायला शरयूला चार मिनिटं लागली. मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही, पण ढकललाही नाही. वॉकर मध्ये होता.

दुसऱ्या दिवसापासून केतकी शिंगटे तिथे जायला लागली. मी रोज पाच वाजता जायचो. मानकुमरेबाई दुकानाच्या बाजूला ओट्यावर खुर्ची टाकून द्यायच्या. खोलीचं दार लोटलेलं असायचं. आतून केतकीचा आवाज यायचा : "धरून ठेवा, धरून ठेवा, सोडू नका, हं, आता हळूच." मग शरयूचा श्वास. मग पुन्हा "धरून ठेवा." मी चहा पिऊन परत यायचो.

आठव्या दिवशी मानकुमरेबाईंनी निरोप दिला. "शरयूताई म्हणाल्या, त्यांना रोज येऊ नका म्हणावं, तुम्हाला चहा करावा लागतो."

"मी चहा घेणार नाही."

"तसंही मी त्यांना सुचवून बघितलं. त्या म्हणाल्या, तरी नको." मग त्या माझ्यासमोर पायरीवर बसल्या. "साहेब, माझा काटा तुम्ही सील केला होतात. अठ्ठ्याऐंशी साली. अठरा ग्रॅमचा फरक होता."

"सतरा," मी म्हणालो.

"सतरा. मी तेव्हा नजरचूक म्हणाले का?"

"नाही. तुम्ही कबूल केलं होतंत."

"अख्ख्या पेठेत सहा महिने मान खाली घालून फिरले मी. लोक समोरच्या दुकानात जायचे. मग हळूहळू परत आले. सगळे नाही आले." त्या उठल्या. "आठवड्यातून दोनदा या. रविवारी आणि बुधवारी. मी त्यांना सांगते."

मार्च गेला, एप्रिल गेला. मी रविवारी आणि बुधवारी जायचो. आधी शरयू बाहेर येत नसे. मग एकदा आली, वॉकरशिवाय, काठी घेऊन. ओट्यावर उभी राहिली, "नागपूरचा फोन होता, सगळं ठीक आहे," एवढं सांगून आत गेली. ऋजुताला काय सांगितलं ते मला कळलं नाही. त्यानंतर दोन महिने ऋजुता माझ्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलली, त्यावरून अंदाज आला. मे महिन्यात शरयू गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसायची. चढताना आधी चांगला पाय टाकायचा का उतरताना, यावर मानकुमरेबाईंशी वाद घालायची. माझ्याशी ती पाऊस, पाणी आणि गॅसचा नंबर यांवर बोलायची.

घरात मी एकट्यापुरता स्वयंपाक करत होतो. आता चांगला जमायचा. टेबलावर जेवण झाकून ठेवायचो आणि तासाभराने स्वतःच उघडून जेवायचो.

मेच्या अखेरीला केतकी मला भाजीबाजारात भेटली.

"या रविवारी काकू गडावर निघाल्यात," ती म्हणाली. "डांबरी रस्त्याने, तिसऱ्या वळणापर्यंत. त्यापुढे एक पाऊल नाही, हे मी बजावलंय. तुम्हाला सांगू नका असं काही त्या म्हणाल्या नाहीत."

रविवारी मी सहा वाजता रस्त्याच्या पायथ्याशी पोचलो. बायका पुढे गेल्या होत्या. साताऱ्यात जन्म गेला, पण पायी गड मी शाळेत असताना एकदाच चढलो होतो. त्यानंतर गेलो तो सरकारी जीपमधून, एका मंत्र्यांच्या मागे. पहिलं वळण मी घेतलं. दुसऱ्या वळणाला धाप लागली, पोटऱ्यांत गोळे आले आणि मी कठड्यावर बसलो. खाली सगळा सातारा दिसत होता. माझं घर शोधण्याइतका श्वास राहिला नव्हता.

थोड्या वेळाने वरून बोलण्याचा आवाज आला. बायका उतरत होत्या. एकेक माझ्यासमोरून गेली आणि प्रत्येकीने "नमस्कार, साहेब" म्हटलं. मी प्रत्येकीला नमस्कार केला. मानकुमरेबाईंनी या वेळी आधी केला. सगळ्यात शेवटी शरयू होती. एका हातात काठी, पायात ते बूट. मानकुमरेबाईंच्या सुनेने ते घातलेच नव्हते, हे मला नंतर कळलं.

ती थांबली.

"इथे काय करताय?"

"चढत होतो."

"कुठपर्यंत?"

"इथपर्यंत."

ती कठड्यावर बसली. आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवली. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या, एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. ठरवल्याशिवाय असं होत नाही.

"तिसऱ्या वळणापर्यंत गेलीस?"

"गेले. पुढे जायचं होतं, पण शब्द दिला होता."

"पाय?"

"दुखत नाही. थकतो. एका पायावर वीस सेकंद उभी राहते आता. केतकी म्हणते, तीस व्हायला पाहिजेत."

"होतील."

"होतील. मार्चमध्येच झाले असते."

"हो," मी म्हणालो.

वारा चांगला होता. एक तरुण जोडपं धावत आमच्यासमोरून वर गेलं.

"का केलंत?" तिने विचारलं.

साडेतीन महिन्यांत तिने हे विचारलं नव्हतं. मी मात्र उत्तरं तयार ठेवली होती. पुन्हा टेंडन सुटेल याची भीती वाटली, हे एक होतं. डॉक्टर तरुण होते, त्यांचा अंदाज चुकू शकतो, हे दुसरं. दोन्ही मी घरी मोठ्याने म्हणून बघितली होती आणि दोन्ही ऐकायला बरी वाटली होती.

"तू घरात होतीस," मी म्हणालो.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य नव्हतं.

"बत्तीस वर्षं तुम्ही फिरतीवर होतात," ती शेवटी म्हणाली. "माण, खटाव, पाटण. ऋजुताला कांजिण्या आल्या तेव्हा तुम्ही बाजारात वजनं मोजत होतात. तिला घरी ठेवून मी ड्यूटीला गेलेय. मी कधी तुमच्या जीपची हवा काढली का?"

"नाही."

"मनात आलं होतं."

"काढायची होतीस."

"सरकारी जीप होती," ती म्हणाली.

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"काय?"

"थांब म्हणून."

"थांबली असतीस?"

तिने खरोखर विचार केला. काठीच्या टोकाने रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला, मग दुसरा.

"नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण एखाद्या दिवशी थांबले असते."

आम्ही उठलो. उतरताना माझे गुडघे लटपटत होते. ती म्हणाली, "सरळ उतरू नका. पाऊल थोडं तिरकं टाका. आणि घाई कसली आहे?" घाई मला नव्हतीच. एका वळणावर ती थांबायची, एका वळणावर मी. कोण कोणासाठी थांबतंय हे दोघांनीही विचारलं नाही. बायकांना उतरायला वीस मिनिटं लागली असतील. आम्हाला पाऊण तास लागला.

पायथ्याशी रस्ता फुटतो. डावीकडे मानकुमरेबाईंची आळी, उजवीकडे आमचं घर. शरयू तिथे काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"सामान तिकडे आहे माझं," ती म्हणाली.

"मी आणतो."

"नको. मला उचलता येतं."

ती डावीकडे गेली. मी घरी आलो, घर झाडलं, तिचा पलंग उन्हात टाकला आणि संध्याकाळी आत घेतला.

ती त्या दिवशी आली नाही. सोमवारी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवार माझा जायचा दिवस होता, पण मी गेलो नाही.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला फाटक वाजलं. शरयू एकटीच होती. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, त्यामुळे काठी काखेत होती. मी दारात उभा होतो तो तसाच राहिलो. ती दोन पायऱ्या चढली, एकीवर एक पाय, दुसरीवर दुसरा, मध्ये थांबली नाही. आत येऊन तिने पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"उद्यापासून साडेपाचला निघेन," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणापर्यंतच, पण निघेन."

"बरं."

"पेटीचा क्लासही सुरू करणार आहे."

"कर."

ती आतल्या खोलीकडे वळली. खिडकीपाशी जाऊन तिने खुर्ची हाताने ओढली, हवी तशी लावली आणि बसली.

"मंगळवारी नाही जाणार," ती तिथून म्हणाली.

"का?"

"नाही जाणार. मंगळवारी मी घरी."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवारला अजून पाच दिवस होते.